जास्वंदीखालचं मीठ

समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून ते पिण्याजोगं करायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. बहरीनला आल्यापासून, म्हणजे गेली बावीस वर्षं, दुसरं काही केलं नाही. केमिकल इंजिनिअर आहे आणि त्यातून पुण्याचा, त्यामुळे जगातलं जवळजवळ सगळं आपल्याला कळतं अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती समजूत कशी गेली ते सांगायचं आहे. सांगताना लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

आधी आम्ही जुफैरला एका टॉवरच्या अठराव्या मजल्यावर राहत होतो. तिथे शेजारी कोण हे लिफ्टमधल्या अत्तरावरून ओळखायचं. बायको कंटाळली, म्हणून आम्ही या जुन्या इस्टेटीत घर घेतलं. तेलाच्या सुरुवातीच्या दिवसांत गोऱ्या साहेबांनी आपल्या देशातल्या बागांच्या गावांच्या धर्तीवर वाळवंटात हे गाव मांडलं. बसकी घरं, जाळीच्या पडव्या, अरुंद गल्ल्या आणि घरापुढे भिंत नाही, हिरवं कुंपण. ते कमरेइतकंच ठेवायचं असा नियम आहे, कारण पलीकडचा माणूस दिसला पाहिजे. साहेब गेले, नियम राहिला. दर शुक्रवारी सकाळी कात्र्यांचा आवाज सुरू होतो आणि लोक कुंपणावरून एकमेकांची चौकशी करतात. मला हे फार आवडलं. सहा महिन्यांत मी रहिवाशांच्या समितीचा सेक्रेटरी झालो आणि सातव्या महिन्यात बागेत फलक लावला, ‘येथील फुले आपोआप उगवत नाहीत.’ खाली इंग्रजीतही लिहिलं. बायको म्हणाली, सदाशिव पेठ सोडली तरी सदाशिव पेठेने तुम्हाला सोडलेलं नाही.

फुलं उगवत होती ती चाचांमुळे. चाचा म्हणजे इस्टेटीच्या बागेचे मुकादम. श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान, वय साठीच्या पुढे, तीस वर्षं याच बागेत. आमच्याशी मराठीत बोलायचे, बाकी सगळ्यांशी हिंदीत. साठी उलटलेल्या माणसाचा व्हिसा सहजासहजी वाढत नाही, म्हणून इस्टेट ऑफिस दरवर्षी डिसेंबरमध्ये एक पत्र देई, की या माणसावाचून बागेचं अडतं. त्या एका पत्रावर चाचांचं इथलं वर्ष उभं असे. ‘इथे सगळी गल्ली मला विचारते,’ ते म्हणत. ‘गावाला गेलो का मी खाटेवरचा म्हातारा.’

इस्टेटीत पाण्याच्या दोन लायनी आहेत. निळी गोड्या पाण्याची आणि काळी बोअरच्या खाऱ्या पाण्याची. खारं पाणी फक्त खजुरांना आणि रस्ते धुवायला. काळ्या लायनीच्या वॉल्व्हला कुलूप आणि त्याची वीतभर लोखंडी किल्ली चाचांच्या कमरेला. क्लबघरासमोर वीसेक पावलं लांबीचं जास्वंदीचं कुंपण होतं, त्याला गोड्या पाण्याशिवाय दुसरं पाणी कधी लागलं नव्हतं. ती जास्वंद चाचांनी पहिल्या सुट्टीहून परतताना आणली होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार फांद्या. त्यांचं एवढं मोठं कुंपण झालं. इस्टेटीच्या माहितीपत्रकावर फोटो असायचा तो त्याचाच. आमच्या गणपतीच्या दिवसांत चाचा रोज सकाळी डब्याच्या झाकणात एकवीस फुलं मोजून आणून द्यायचे. माझ्या फलकाचा मान राखून मी स्वतः कधी तोडली नाहीत, एवढं माझ्या बाजूने सांगता येईल.

आता गणपती. इस्टेटीत मराठी घरं अकरा. आदल्या वर्षी आम्ही पुण्याहून शाडूची मूर्ती आणली, तर विमानात तिचा हात मोडला. ही गोष्ट घडली त्या वर्षी मी सगळ्यांना सल्ला दिला, की प्लास्टरच्या मूर्ती आणा, मजबूत असतात, विसर्जनाचं मी बघतो. पुण्यात हल्ली बादलीत विसर्जन करतात. अमोनियम बायकार्बोनेटची पूड पाण्यात कालवायची, त्यात प्लास्टरची मूर्ती ठेवायची, दोन दिवसांत ती विरघळते आणि वरचं पाणी झाडांना खत म्हणून चालतं. भावाने बाल्कनीतल्या कुंड्यांना घातलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

ती पूड मनामाच्या बाजारात मिळेना. तीन दुकानं फिरलो. तिसऱ्या दुकानदाराने ‘मफी’, म्हणजे नाही, म्हणून हात झटकले आणि समोरच्या खायच्या सोड्याच्या पोत्याकडे बोट दाखवलं. मी तिथेच उभ्या उभ्या समीकरण मांडलं. तोही बायकार्बोनेटच. मूर्ती विरघळेल की नाही एवढंच मी पाहिलं. विरघळल्यावर पाण्यात काय उरेल, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण उत्तर मला आधीच ठाऊक होतं, खत. मी दोन पोती सोडा गाडीत टाकला.

पाचव्या दिवशी अकरा घरांचे गणपती क्लबघरामागे आणले. आरती झाली आणि दोन मोठ्या निळ्या ड्रमांमध्ये आम्ही त्यांना ठेवलं. बुडबुडे यायला लागले. मुलं ड्रमभोवती गोळा झाली. त्यांना मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत येतं, ‘अंकल, इट्स फिजिंग!’ मी कार्बन डायऑक्साइड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. लोकांनी फोटो काढले. एका बाईंनी मला इस्टेटीचे शास्त्रज्ञ म्हटलं, आणि मी नको नको म्हणालो नाही.

दोन दिवसांनी पाणी ओतायची वेळ आली. गणपतीचं पाणी गणपतीच्या फुलाला, ही कल्पना माझीच. चाचा आले, ड्रमपाशी थांबले आणि चपला काढून बाजूला ठेवल्या. सप्टेंबरातल्या तापलेल्या फरशीवर अनवाणी.

‘चाचा, पाय भाजतील,’ मी म्हणालो.

‘देवाचा पानी हाय ना, साहेब.’ मग ते ड्रममध्ये डोकावले. ‘ह्याच्यात मीठ नाय ना? ही झाडां गोड्या पान्यावरची हायेत.’

मी हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. ‘चाचा, मीठ वेगळं, सोडा वेगळा. मीठ काढायचा तर माझा धंदाच आहे. तुम्ही निर्धास्त ओता. बघा, पुढच्या महिन्यात फुलं दुप्पट येतील.’

त्यांनी ओतलं. बादलीबादलीने, प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी, एक थेंब पायवाटेवर सांडू न देता. मीही शेवटच्या चार बादल्या ओतल्या, फोटोपुरत्या.

दहाव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मी म्हटलं, ऊन फार आहे. पंधराव्या दिवशी पानं गळू लागली. चाचा सकाळ-संध्याकाळ निळ्या लायनीचा पाइप घेऊन मुळं धूत बसलेले असत. तीन आठवड्यांनी क्लबघरासमोर नुसत्या काटक्या उभ्या होत्या. एका शुक्रवारी बायकोने विचारलं, ‘त्या ड्रमामुळे तर नाही ना झालं?’ मी म्हणालो, ‘काहीतरीच.’ तिने पुन्हा विचारलं नाही, पण माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

नेमकं त्याच हिवाळ्यात जुन्या वस्त्यांचं जतन करणारी काही मंडळी इस्टेट बघायला येणार होती. ऑफिसची मॅनेजर बहरीनी, बोलायला मऊ, कामाला कडक. गणपतीच्या वेळी ती रजेवर होती. तिने समितीला सांगितलं, कुंपण कशाने मेलं ते शोधा. समितीने माझ्याकडे पाहिलं. पाण्यातला माणूस मीच होतो. आणि मी, देव जाणे कुठल्या तोंडाने, मातीचे नमुने पिशव्यांत भरून प्लँटच्या लॅबमध्ये नेले.

निकाल मी एकट्याने पाहिला. बोअरच्या खाऱ्या पाण्याने माती खारावली असती तर तिच्यात क्लोराइड सापडायला हवं होतं, म्हणजे आपलं जेवणातलं मीठ. ते नेहमीइतकंच होतं. भरमसाट होतं ते सोडियम आणि सल्फेट. प्लास्टर आणि खायचा सोडा एकत्र आले की मागे राहतं ते हेच. हा कागद हातात घेतल्यावर शंकेला जागाच उरली नाही. कुंपण मी मारलं होतं. स्टुलावर बसलो, पाणी प्यायलो. त्या क्षणी मनात पहिलं काय आलं? झाडं नाही आली, चाचा नाही आले. त्या बाईंनी मला शास्त्रज्ञ म्हटलं होतं, ते आलं.

रिपोर्टमध्ये मी एकच ओळ लिहिली, इंग्रजीत. ‘मातीत सॉल्टचं प्रमाण फार वाढल्यामुळे झाडं मेली.’ यात खोटं एक अक्षर नाही. आमच्या शास्त्रात सॉल्ट म्हणजे शेकडो तऱ्हेचे क्षार. समितीतल्या माणसांना सॉल्ट म्हणजे मीठ, आणि इस्टेटीत मीठ येतं एकाच वाटेने, काळ्या लायनीतून. हे मला लिहिताना माहीत होतं. म्हणूनच तो शब्द लिहिला.

मीटिंग दुपारी क्लबघरात झाली. खिडकीतून त्या काटक्या दिसत होत्या. समितीत मराठी मी एकटाच. मॅनेजरने रिपोर्ट वाचला आणि चाचांना आत बोलावलं. शांतपणे विचारलं, काळा वॉल्व्ह चुकून उघडा राहिला होता का. मी वहीत डोकं घातलं, कारण वृत्तांत लिहायचं कामही माझंच होतं.

चाचा दाराशी उभे होते, टोपी हातात. मी मनात म्हणत होतो, सांगा चाचा, तुम्हीच सांगा, म्हणजे मला सांगावं लागणार नाही.

‘चाबी मेरे पास था, मॅडम,’ ते म्हणाले. ‘जिम्मा मेरा है.’

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आणि मी वहीत लिहिलं, ‘मुकादमाने जबाबदारी मान्य केली.’ सुवाच्य अक्षरात. माझं अक्षर चांगलं आहे.

कुणी त्यांना ओरडलं नाही. वय झालं, विसर पडतो, असं सगळे हळहळून म्हणाले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. किल्ली त्यांच्याकडून घेतली आणि, पाण्यातलं कळणारा म्हणून, माझ्याकडे दिली. डिसेंबरचं पत्र ऑफिसने दिलं नाही. चाचा कागदोपत्री ज्याच्या नोकरीत होते त्या बागेच्या कंत्राटदाराने त्यांना तिकीट होईपर्यंत सलमाबादच्या कामगारांच्या खोल्यांवर पाठवलं. गल्लीतले लोक कुंपणावरून म्हणत राहिले, चाचांनी असं कसं केलं? मी म्हणत होतो, हो ना.

बायकोने किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली पाहिली आणि तिला सगळं कळलं. ‘दर ईदला त्यांच्या खोलीवर बसून सांदणं खाल्ली आपण,’ ती म्हणाली. ‘खाल्ल्या मिठाला जागायचं असतं एवढं तरी तुमच्या केमिस्ट्रीत असेल.’ मी म्हणालो, आता सांगितलं तर लोक गणपतीला नावं ठेवतील, आपल्या अकरा घरांना ठेवतील, प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. कारण चांगलं होतं. मला स्वतःला जवळजवळ पटलं होतं.

‘निदान त्यांना तरी सांगून या,’ ती म्हणाली.

म्हणून एका शुक्रवारी सलमाबादला गेलो. गोदामांच्या मागे दुमजली खोल्या, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. चाचा खाटेवर बसून एका खोक्याला दोरी बांधत होते. मला बघून उठले, खाट झटकली आणि ‘बसा साहेब’ म्हणाले. तिकीट रविवारचं होतं. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. सोडा, सल्फेट, लॅब, रिपोर्टमधला तो शब्द. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरं बोलत होतो, तेही इंग्रजी शब्द पेरून, जणू त्यांनी मध्येच थांबवून काही विचारू नये.

‘मला ठावूक हाय, साहेब,’ ते म्हणाले.

‘कसं?’

‘पानी ओतला त्याच्या दुसऱ्या दिवशी माती जिभेला लावली. आपल्या बोअरची चव मी तीस वर्षां वळखतो. ही ती नव्हती. कडू होती.’

लॅबमधल्या यंत्राला जे कळायला अर्धा दिवस लागला, ते त्यांना जिभेने कळलं होतं, आणि माझ्या आधी दोन महिने.

‘मग मीटिंगमध्ये का नाही बोललात?’

त्यांनी दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. ‘काय बोलू? गनपतीच्या पान्यान झाडां मेली? माझ्या तोंडून?’ त्यांनी खोकं बाजूला सरकवलं. ‘लोकांना तेवढाच पायजे असता, साहेब. गावाला माझ्या शेजारी गनपती येतो. लहान होतो तवापासून त्याच्या मागना खाडीवर जातो. मी असा कसा बोलनार?’

देवाचं नाव जपायला हा माणूस गप्प बसला, आणि मी माझं नाव जपायला गप्प बसून वर देवाचं निमित्त केलं.

‘तिकडे मातीचाच असतो,’ चाचा पुढे म्हणाले, जरासे हसून. ‘खाडीत सोडला का विरघळतो. सोडा लागत नाय.’

मग मी म्हणालो, पण मनापासून नाही, की मी ऑफिसला पत्र लिहितो. अजून दोन दिवस आहेत, तिकीट रद्द होऊ शकतं, पत्र देऊ शकतील ते. आणि लगेच पुढे म्हणालो, फक्त पंचाईत एकच आहे चाचा, तुम्ही म्हणता तसं, गणपतीचं नाव मध्ये येईल.

चाचांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मीटिंगपासून पहिल्यांदाच.

‘देवाचा नाव कशाला घालता?’ ते म्हणाले. ‘तुमचा घाला.’

त्यात राग नव्हता. फांदी कुठे छाटायची ते एखाद्या नवख्याला दाखवावं तसं बोलले. मी ‘बरं’ म्हणालो. निघताना त्यांनी किल्लीचं विचारलं. माझ्याकडे आहे म्हटल्यावर म्हणाले, ‘तिला दर जुम्याला तेल लावा, नायतर गंजते.’

शनिवारी सकाळी मी पत्र लिहायला बसलो. ‘चूक झाली आहे’ असं लिहिलं. ते खोडून ‘चूक लक्षात आली आहे’ असं केलं. मग ‘रसायनाच्या निवडीत त्रुटी राहिली’ असं केलं. कुणाकडून झाली, कुणाच्या लक्षात आली, कुणी निवडलं, ते काही त्या वाक्यांत येईना. ‘मी’ हे एक अक्षर, ते टाइप करायला किती वेळ लागतो? दुपारी जेवलो. संध्याकाळी गल्लीतले कोणी आले त्यांच्याशी बोललो. पत्र कॉम्प्युटरमध्येच राहिलं. रविवारी दुपारी बायको एकटीच मुहर्रकला विमानतळावर जाऊन आली. चाचांना काय म्हणाली ते तिने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

माती उकरून नवी भरली आहे. नव्या मुकादमाने तिथे कण्हेर लावली आहे, तिला खाऱ्याचं काही वाटत नाही. पाहणीची मंडळी येऊन गेली, कुंपणाची स्तुती करून गेली. या वर्षी अकरा घरांत शाडूचे गणपती आले, कारण बायकोने सगळ्यांना तसं सांगितलं. का, ते मला कुणी विचारलं नाही. किल्लीला मी दर शुक्रवारी तेल लावतो.

पत्र जमलं नाही, म्हणून म्हटलं निदान हे लिहावं, सविस्तर, काही न लपवता. लिहून झालं. आता पहिल्यापासून वाचून पाहिलं, तर यातही मी माझं नाव कुठे घातलेलं नाही.